डाव्या बाजूचा राखणदार

१९२७ सालच्या जानेवारीच्या २२ तारखेस लंडनमधील हायबरीच्या मैदानावर आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड या दोन संघांमध्यें फुटबॉलचा सामना झाला. एकेक गोल होऊन तो बरोबरीत सुटला. परंतु त्या दिवशीं इंग्लंडांत प्रथमच लीगच्या सामन्याचें वर्णन, खेळ चालू असतांनाच, नभोवाणीवरून ऐकविलें गेलें. घरीं बसलेल्या श्रोत्यांना चेंडू कोठें आहे हें कळावें म्हणून नभोवाणीच्या साप्ताहिकांत मैदानाचा नकाशा छापला होता. त्याचे आठ चौकोन पाडून त्यांस क्रमांक दिले होते. एक जण खेळाचें वर्णन करी आणि दुसरा मधून मधून केवळ चौकोनाचा आंकडा सांगे. श्रोते मांडीवर नकाशा घेऊन त्या आंकड्यांवरून बोट फिरवीत.

नभोवाणीवरून सामना ऐकण्याची ज्यांना संवय आहे त्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली असेल. ज्याच्यामुळें गोल झाला त्याचें नांव आपण दहादां ऐकतों. ज्याच्यामुळें गोल झाला नाहीं त्याचें नांव एकदां कसेंबसें येतें, आणि तोंवर चेंडू पुढच्या चौकोनांत गेलेला असतो. आज मी ज्याच्याविषयीं बोलणार आहें तो या दुसऱ्या वर्गांतला खेळाडू होता. त्याचें नांव एड्रिस आल्बर्ट हॅपगुड. लोक त्याला एडी म्हणत. हायबरीवरचें तें पहिलें वर्णन झालें तेव्हां तो अठरा वर्षांचा होता आणि ब्रिस्टल शहरांत घरोघर दुधाचा रतीब घालीत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो हायबरीवर आला आणि पुढें दोन महायुद्धांच्या मधल्या काळांतील इंग्लंडचा सर्वांत नांवाजलेला डावा बॅक झाला.

मुंबईस कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने ज्यांनीं पाहिले त्यांना बॅक म्हणजे काय तें समजावून सांगावयास नको. इतरांसाठीं एवढेंच सांगतों कीं, गोलरक्षकाच्या पुढें त्या काळीं उजवा आणि डावा असे दोन बॅक उभे राहत, आणि प्रतिपक्षाची चढाई मोडून काढणें हें त्यांचें काम असे. १९२५ सालीं या कामाचें स्वरूप एकाएकीं पालटलें. तोंपर्यंत नियम असा होता कीं, पुढें असलेल्या खेळाडूकडे चेंडू मारतांना त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्यें प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असावयास हवेत. नसल्यास तो ऑफसाइड. हुशार बॅकनें वेळ साधून चार पावलें पुढें टाकलीं कीं चढाई करणारा आपोआप नियमाच्या सापळ्यांत सांपडे. बॅकला पाय झिजविण्याची गरजच पडत नसे आणि प्रेक्षक कंटाळत. १९२५ सालीं तिनाचे दोन केले गेले. परिणाम असा झाला कीं, इंग्लंडच्या पहिल्या विभागांत आदल्या वर्षीं १,१९२ गोल झाले होते, ते पुढच्या वर्षीं १,७०३ झाले. जुनी युक्ति आतां जुन्या बॅकांच्याच गळ्याशीं आली.

त्याच वर्षीं हर्बर्ट चॅपमन हे आर्सेनलचे व्यवस्थापक झाले. हंगामाच्या आरंभींच न्यूकॅसल येथें त्यांच्या संघानें सात गोल खाल्ले आणि एकही केला नाहीं. तेव्हां संघांतील चार्ली बुकन या अनुभवी खेळाडूच्या आग्रहावरून त्यांनीं मधल्या हाफबॅकला मागें ओढून दोन्ही बॅकांच्या मध्यें उभा केला. आतां मधली वाट या तिसऱ्यानें अडवावयाची, आणि दोघां बॅकांनीं बाहेर सरकून प्रतिपक्षाच्या विंगांवर नजर ठेवावयाची. हे तिघे मिळून तराजूच्या दांडीसारखे फिरत. उजवीकडून चढाई आली कीं उजवा बॅक पुढें जाई आणि डावा बॅक मागें येऊन मधल्याची पाठ राखी. डावीकडून आली कीं याच्या उलट. या रचनेंत नुसत्या दांडगाईनें भागत नसे. चेंडू आपल्यापासून चाळीस पावलें दूर असतांनाच आपण कोठें असावयास पाहिजे, हें बॅकला कळावें लागे. चॅपमन यांना असें कळणारीं माणसें हवीं होतीं आणि तीं शोधण्यासाठीं ते लहान लहान गांवांचीं मैदानें पालथीं घालीत.

हॅपगुडचा जन्म २४ सप्टेंबर १९०८ रोजीं ब्रिस्टल येथें झाला. दुधाच्या गाडीवर काम करीत असतांनाच तो गांवांतल्या किरकोळ सामन्यांत खेळे. ब्रिस्टल रोव्हर्स या क्लबाचें त्याच्याकडे लक्ष गेलें आणि त्यांनीं त्याला घेण्याची तयारी दाखविली. मात्र उन्हाळ्यांत, खेळ बंद असतांना, त्यानें कोळशाची गाडी हांकावी अशी त्यांची अट होती. हॅपगुडनें ती नाकारली. दुधाच्या गाडीवर बसणारा हा कोळसेवाल्यापेक्षां एक पायरी वर, असें त्याचें मत होतें, आणि ती पायरी उतरून व्यावसायिक खेळाडू होण्याची त्याची इच्छा नव्हती. ऐकणाराला हंसूं येईल. परंतु आपण कोठें उभें राहावयाचें हें दुसऱ्यानें परभारें ठरविलेलें या तरुणाला खपत नसे, एवढें त्यावरून दिसून येतें. पुढच्या हकीकतीसाठीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

तो केटरिंग या लहानशा गांवच्या क्लबांत गेला. तेथें थोडेच सामने खेळला असेल नसेल तोंच चॅपमन येऊन दाखल झाले. त्यांनीं त्याला दोनच प्रश्न विचारले असें तो पुढें सांगत असे : तूं विडी ओढतोस काय, आणि दारू पितोस काय? दोन्ही प्रश्नांना नकारार्थी उत्तर मिळतांच चॅपमन यांनीं त्याला आर्सेनलमध्यें येण्याविषयीं विचारलें. केटरिंगच्या क्लबाला सर्व मिळून सुमारें साडेनऊशें पौंड मिळाले. पुढच्याच वर्षीं चॅपमन यांनीं डेव्हिड जॅक या फॉरवर्डसाठीं १०,८९० पौंड मोजले. या दोन आंकड्यांवरून गोल करणारा आणि गोल अडविणारा यांच्या बाजारभावांतील अंतर कळून येईल.

१९२७ च्या नोव्हेंबरांत हॅपगुड आर्सेनलकडून पहिला सामना खेळला. परंतु एक अडचण उभी राहिली. त्याचें वजन जेमतेम साठ किलो होतें. त्या काळचा चेंडू जाड चामड्याचा, वरून नाडीनें आंवळलेला असे आणि पावसांत भिजला म्हणजे दगडासारखा जड होई. असा चेंडू डोक्यानें परतवितांना हा पोरगा मूर्च्छा येऊन पडूं लागला. संघाचे शिक्षक टॉम व्हिटेकर यांनीं चौकशी केली तेव्हां कळलें कीं तो शाकाहारी आहे. व्हिटेकर यांनीं त्याच्या पानांत मांसाचे मोठमोठे तुकडे वाढण्याची व्यवस्था केली. त्याचें अंग भरलें आणि मूर्च्छा थांबली. आपल्यांतील शाकाहारी श्रोत्यांनीं हें मनाला लावून घेऊं नये. त्यांना तसला चेंडू डोक्यावर घ्यावयाचा नाहीं.

यानंतरच्या दहा वर्षांचा इतिहास आर्सेनलच्या विजयांचा आहे, म्हणून तो थोडक्यांत सांगतां येईल. १९३० सालीं त्यांनीं एफ. ए. चषक जिंकला. १९३१ सालीं ते प्रथमच लीगचे विजेते झाले. लंडनच्या कोणत्याही क्लबाला हा मान त्यापूर्वीं मिळाला नव्हता. १९३३, १९३४ आणि १९३५ अशीं लागोपाठ तीन वर्षें लीग त्यांच्याचकडे राहिली. १९३६ सालीं पुन्हां चषक आणि १९३८ सालीं पुन्हां लीग. पांच वेळां लीग आणि दोन वेळां चषक, आणि या सातही वेळीं डाव्या बाजूस हॅपगुड होता. चॅपमन मात्र १९३४ च्या जानेवारींत न्यूमोनियानें वारले. त्यांच्या जागीं आलेले जॉर्ज ॲलिसन हे नभोवाणीवरून सामन्यांचें वर्णन करणाऱ्या पहिल्या निवेदकांपैकीं एक, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

हॅपगुडच्या खेळाची वाखाणणी करतांना त्या वेळचे लोक एकच गोष्ट सांगत. तो घाई करीत नसे. बॅक म्हणजे अंगावर धांवून जाणारा आणि चेंडू सांपडेल तिकडे भिरकावून देणारा गडी, अशी तोंवरची समजूत होती. हॅपगुड प्रतिपक्षाच्या विंगला हळूहळू रेषेकडे सरकावीत नेई. शेवटीं त्याला जावयास वाट उरली नाहीं म्हणजे चेंडू अलगद काढून घेई आणि आपल्या हाफबॅककडे किंवा फॉरवर्डकडे नीट पोंचवी. उजव्या बाजूस जॉर्ज मेल, मध्यें उंच बांध्याचा हर्बी रॉबर्ट्स, मागें गोलरक्षक फ्रँक मॉस आणि डावीकडे हा. या चौघांना परस्परांच्या हालचाली न पाहतां समजत.

तरी त्यांच्याही हातून चूक झाली. १९३२ च्या चषकाच्या अंतिम सामन्यांत आर्सेनल न्यूकॅसलविरुद्ध एका गोलानें पुढें होतें. न्यूकॅसलच्या एका खेळाडूनें गोलरेषेजवळून चेंडू आंत मारला. तो रेषेबाहेर गेला आहे अशी खात्री वाटून आर्सेनलचे रक्षक क्षणभर थबकले. पंचानें शिट्टी वाजविली नाहीं, आणि तेवढ्यांत गोल झाला. सामन्याची जीं चित्रें नंतर प्रसिद्ध झालीं त्यांत चेंडू रेषेबाहेर गेलेला दिसत होता. परंतु चित्रांनीं निकाल बदलत नाहीं. न्यूकॅसलनें दोन विरुद्ध एक असा सामना जिंकला. आपली बाजू खरी असली तरी शिट्टी होईपर्यंत थांबावयाचें नाहीं, हा धडा त्या संघाला फार महाग पडला.

आर्सेनलसाठीं ४४० सामने खेळून हॅपगुडनें गोल केले फक्त दोन. त्यांतला एक मोठा गमतीचा आहे. १९३५ सालीं लिव्हरपूलविरुद्ध त्याला पेनल्टी मारावयास दिली. त्यानें मारलेला चेंडू गोलरक्षकानें अडविला. तो उसळून परत याच्याकडेच आला आणि यानें तो डोक्यानें आंत ढकलला. गोल करतांनादेखील त्याला आधीं कोणी तरी अडवावें लागलें!

आतां इंग्लंडच्या संघाकडे वळतों. १९२८ सालीं इंग्लंडनें आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेशीं फारकत घेतली होती, त्यामुळें १९३०, १९३४ आणि १९३८ या तिन्ही विश्वचषकांत तें उतरलें नाहीं. परंतु आपणच या खेळांत श्रेष्ठ, ही इंग्रजांची खात्री कायम होती. १९३४ सालीं इटली जगज्जेतें झालें आणि त्याच वर्षाच्या १४ नोव्हेंबरला इटलीचा संघ हायबरीवर खेळावयास आला. इंग्लंडच्या अकरांपैकीं सात जण आर्सेनलचे होते, आणि नायकत्व प्रथमच हॅपगुडकडे आलें होतें. त्याचें वय सव्वीस वर्षें. पहिल्या कांहीं मिनिटांतच इटलीच्या मॉन्टी या प्रमुख खेळाडूच्या पायाचें हाड मोडलें. तें मुद्दाम मोडलें अशी इटालियनांची समजूत झाली आणि मग जो प्रकार सुरू झाला त्याला खेळ म्हणणें कठीण आहे. पहिल्या बारा मिनिटांत इंग्लंडनें तीन गोल केले. थोड्याच वेळांत हॅपगुडच्या तोंडावर कोपर बसून त्याच्या नाकाचें हाड मोडलें.

त्या काळीं बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. इंग्लंडच्या लीगमध्यें ती १९६५ सालीं आली. एक गडी बाहेर गेला कीं उरलेल्या दहांनीं खेळावयाचें. हॅपगुड बाहेर गेला, नाकावर पट्टी बांधून घेतली आणि सुमारें पाव तासानें परत आपल्या जागीं येऊन उभा राहिला. उत्तरार्धांत मिआत्सा या विलक्षण फॉरवर्डनें दोन गोल चढविले, आणि तिसरा होऊं नये यासाठीं चिखलांत अक्षरशः झटापट करावी लागली. इंग्लंड तीन विरुद्ध दोन असें जिंकलें. इंग्रजी भाषेंत हा सामना आजही हायबरीची लढाई या नांवानें ओळखला जातो. मोडक्या नाकानें परत आलेला तो नायक लोकांच्या मनांत कायमचा बसला. पुढच्या पांच वर्षांत इंग्लंडचें नायकत्व बहुतेक त्याच्याकडेच राहिलें.

अशा रीतीनें आपण १९३८ च्या मे महिन्यापाशीं येऊन पोंचतों. त्या वर्षीं मार्चमध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता. इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन हे जर्मनीशीं मिळतें घेण्याच्या प्रयत्नांत होते. अशा वेळीं १४ मे रोजीं बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानावर इंग्लंड आणि जर्मनी यांचा सामना ठरला. लाखावर प्रेक्षक जमले. हिटलर स्वतः आला नव्हता, परंतु गोबेल्सप्रभृति त्याचे मंत्री आले होते.

सामन्यापूर्वीं एक प्रश्न उपस्थित झाला. जर्मन राष्ट्रगीत चालू असतां जर्मन खेळाडू हात पुढें करून नाझी पद्धतीचा प्रणाम करणार. इंग्लिश खेळाडूंनीं काय करावयाचें? बर्लिनमधील ब्रिटिश वकील सर नेव्हिल हेंडरसन यांनीं सल्ला दिला कीं, त्यांनींही तसाच प्रणाम करावा. यजमानाच्या रीतिरिवाजाला मान देणें हा केवळ शिष्टाचार आहे, त्यांत संमतीचा प्रश्न येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. दोन वर्षांपूर्वीं त्याच मैदानावर ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं ब्रिटिश पथकानें असा प्रणाम केला नाहीं म्हणून प्रेक्षक नाराज झाले होते, तेंही मनांत असावें. फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस स्टॅन्ली रूस आणि त्यांचे सहकारी यांनीं हा सल्ला मानला व खेळाडूंना तसें सांगण्यांत आलें.

यापुढें काय झालें याविषयीं साक्षी जुळत नाहींत. रूस यांनीं पुढें अनेक वर्षांनीं लिहिलेल्या आठवणींत, खेळाडूंनीं हरकत घेतली नाहीं असें म्हटलें आहे. हॅपगुडचें म्हणणें अगदीं निराळें आहे. आम्ही जगांत जेथें जेथें खेळलों तेथें त्या त्या देशाच्या राष्ट्रगीताला सावधान उभें राहून मान दिला, तसाच येथेंही देऊं, हात वर करण्याचें कारण नाहीं, असें आपण अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितलें, असें तो लिहितो. स्टॅन्ली मॅथ्यूज हाही त्या संघांत होता. त्याच्याही आठवणींत कपडे बदलण्याच्या खोलींतील संतापाचें वर्णन आहे. एकाच खोलींतले लोक एकाच अर्ध्या तासाविषयीं इतकें वेगळें सांगतात, हें नवल नव्हे. हुकूम देणाराला शांतता आठवते आणि तो पाळणाराला त्याची बोंच आठवते. मला स्वतःला खेळाडूंची साक्ष अधिक खरी वाटते; परंतु श्रोत्यांनीं आपापला निर्णय करावा.

निर्विवाद आहे तें एवढेंच. हॅपगुडनें संघाला मैदानावर आणलें. राष्ट्रगीत सुरू झालें आणि इंग्लंडच्या अकरा खेळाडूंनीं एका रांगेंत उभे राहून हात वर केले. त्या क्षणाचें छायाचित्र आजही पाहावयास मिळतें. त्यानंतर इंग्लंड असें कांहीं खेळलें कीं, जर्मनीवर सहा विरुद्ध तीन अशी मात झाली. शेवटचा गोल लेन गोल्डन यानें फार दुरून मारला. हॅपगुडनें आपल्या कामगिरींत कसर ठेवली नाहीं. पण सामन्याच्या निकालानें छायाचित्र पुसलें जात नाहीं. चार महिन्यांनीं म्युनिकचा करार झाला, पुढच्या वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि ज्याला शिष्टाचार म्हटलें होतें त्याचा अर्थ सगळ्यांना उघड दिसूं लागला.

माझ्या मतें हॅपगुडच्या चरित्राचा कस लागतो तो येथें. हायबरीवर नाक मोडलें तेव्हां काय करावयाचें हें त्याचें त्यानें ठरविलें. बर्लिनमध्यें तें दुसऱ्यांनीं ठरविलें आणि तो त्या मुखत्यारीपुढें वांकला. त्यानें नकार द्यावयास हवा होता, असें आज इतक्या वर्षांनंतर म्हणणें सोपें आहे. कोळशाच्या गाडीला नकार देणारा पोरगा वकिलातीच्या सल्ल्याला नकार कां देऊं शकला नाहीं, असेंही कोणी विचारील. उत्तर असें कीं, कोळशाची गाडी नाकारतांना प्रश्न त्याच्या एकट्याचा होता. येथें त्याच्या पाठीमागें दहा जण होते, आणि त्यांच्या वतीनें त्याला उत्तर द्यावयाचें होतें. तो राजकारणी नव्हता. त्याच्या देशाचे वरिष्ठ अधिकारी त्याला सांगत होते कीं, हें देशाच्या हिताचें आहे. त्यानें आपलें मत सांगितलें, तें मानलें गेलें नाहीं, आणि त्यानें हुकूम पाळला. त्याला दोष द्यावयाचा तर सल्ला देणारांना त्याच्या आधीं द्यावा लागेल. मात्र हॅपगुडनें स्वतःला या कारणांआड लपविलें नाहीं. त्या प्रसंगाची लाज आपल्याला वाटली, हें त्यानें १९४५ सालीं आत्मचरित्रांत मोकळेपणानें लिहून ठेवलें. त्या पुस्तकाचें नांव फुटबॉल ॲम्बॅसडर, म्हणजे फुटबॉलचा राजदूत.

या राजदूताला वेतन काय होतें, तेंही ऐका. इंग्लंडच्या लीगनें खेळाडूंच्या पगाराला मर्यादा घातली होती. हंगामांत आठवड्याला जास्तींत जास्त आठ पौंड आणि उन्हाळ्यांत सहा. इंग्लंडचा नायक असो कीं जगांतला सर्वोत्तम विंग असो, त्याहून अधिक पगार नियमानें देतां येत नसे. हायबरीवर पन्नास-साठ हजार प्रेक्षक तिकीट काढून बसत तेव्हांही मर्यादा तीच. ही मर्यादा १९६१ सालीं खेळाडूंनीं संपाची धमकी दिल्यावर उठली. तोंपर्यंत हॅपगुडचा काळ केव्हांच सरला होता.

१९३९ च्या मे महिन्यांत इंग्लंडचा संघ पुन्हां युरोपांत फिरला. मिलान येथें इटलीशीं दोन-दोन अशी बरोबरी झाली. त्या सामन्यांत पिओला यानें चेंडू चक्क मुठीनें आंत ढकलला, तीच मूठ जॉर्ज मेलच्या डोळ्यावर बसली, आणि पंचानें गोल दिला. बेलग्रेडमध्यें युगोस्लाव्हियाकडून इंग्लंड हरलें. तो हॅपगुडचा शेवटचा अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ठरला. इंग्लंडकडून असे तीस सामने तो खेळला, त्यांपैकीं एकवीस सामन्यांत नायक होता. सप्टेंबरांत युद्ध सुरू झालें. तो विमानदलांत दाखल झाला आणि युद्धकाळांत इंग्लंडकडून आणखी तेरा सामने खेळला, परंतु ते अधिकृत यादींत धरले जात नाहींत. युद्ध संपलें तेव्हां त्याचीं खेळण्याचीं वर्षें संपलीं होतीं. मधलीं सहा वर्षें त्याच्यासारख्या अनेकांचीं अशींच गेलीं.

मग तो व्यवस्थापक झाला. प्रथम ब्लॅकबर्न, नंतर वॉटफर्ड, शेवटीं बाथ. ब्लॅकबर्नला त्याला सुमारें वर्षभरच मिळालें, वॉटफर्डला दोन, बाथला सहा. १९५६ सालीं तेंही संपलें. ज्या मनुष्यानें पांच वेळां लीग जिंकून दिली त्याला फुटबॉलमध्यें काम मिळेनासें झालें. पैशाची तंगी आली तेव्हां त्यानें आपल्या जुन्या क्लबाकडे मदत मागितली आणि उत्तरादाखल तीस पौंड आले, अशी हकीकत सांगतात. पुढें त्यानें तरुण कामगारांच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहण्याची नोकरी धरली. १९७३ च्या एप्रिलच्या २० तारखेस, गुड फ्रायडेच्या दिवशीं, तो वारला. तेव्हां तो चौसष्ट वर्षांचा होता.

हायबरीचें मैदानही आतां राहिलेलें नाहीं. २००६ सालीं आर्सेनलनें तें सोडलें, आणि जेथें प्रेक्षक बसत तेथें आज राहतीं घरें आहेत. मधल्या हिरवळीची जागा बाग म्हणून मोकळी ठेवली आहे. त्या बागेच्या एका कडेला, आपण आरंभीं ज्या नकाशाविषयीं बोललों त्यांतला गोलाजवळचा डावा चौकोन कोठें तरी असेल. बारा वर्षें त्या जागेची राखण एका दूधवाल्या पोरानें केली, आणि ती त्यानें इतकी चोख केली कीं वर्णन करणाराला त्याचें नांव घेण्याचें कारण फारसें पडलें नाहीं. बर्लिनचें छायाचित्र पाहणारांनीं त्याच्या चरित्राचा हा भागही पाहावा, एवढ्याचसाठीं आज आपला वेळ घेतला. आतां आपली रजा घेतों.